दोन रुपयांची गोळी बाजारातून गायब का होते?

कृष्णाकाठ

माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांपासून लिथियम घेतो, बायपोलर या मनाच्या आजारावरचं औषध. 300 मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, रोज. 2024 पर्यंत दहाची पट्टी वीस रुपयांच्या आत मिळायची, म्हणजे महिन्याला दोनशे रुपयेही लागत नव्हते. तेवढ्यावर तो उभा आहे. स्वतःची नर्सरी चालवतो, गिऱ्हाईक सांभाळतो, आईला दर गुरुवारी दवाखान्यात नेतो.

2024 च्या पावसाळ्यात ही गोळी मिळेनाशी झाली. गावातला दुकानदार आधी "उद्या येईल" म्हणाला, मग "वरूनच माल नाही" म्हणाला. कराड पालथं घातलं, सांगली झाली, कोल्हापुरात एक अख्खा शनिवार घालवला. शेवटी डॉक्टरांनी 400 च्या, सावकाश विरघळणाऱ्या दोन गोळ्या लिहून दिल्या. दुसरा इलाजच नव्हता. रक्तातली लिथियमची पातळी 0.7 होती ती 0.4 वर आली. अकराव्या रात्री तीन वाजता आईला जाग आली तर हा अंगणात. दोनेकशे पिशव्या फाडून रोपं मुळासकट बाहेर काढलेली, मातीचा ढीग, हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले. "सगळं नव्याने लावतोय, आई, आधीचं चुकलं होतं," म्हणाला. चार दिवस झोपलेला नव्हता.

ऑक्टोबरात बातमी आली की केंद्र सरकारने आठ औषधांच्या अकरा प्रकारांची कमाल किंमत 50 टक्क्यांनी वाढवली. त्या यादीत लिथियम 300 होतं. फोनवर सगळीकडे "सरकारने औषधं महाग केली" असे निरोप फिरत होते. मी मात्र ती यादी वाचून रडले, कारण गोळी का मिळत नव्हती ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. दोनाची गोळी तीनला झाली असती तर आम्ही आनंदाने दिले असते. चारला दिली असती तरी घेतली असती.

ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सांगा. किंमत नक्की ठरते कशी? आणि महाग औषधं दुकानात सहज मिळतात, स्वस्त तेवढी नाहीशी होतात, असं का?

---

हिशोबी

ताई, आधी भाऊ कसे आहेत ते सांगा.

किमतीबद्दल जमेल तेवढं सोपं करून लिहितो. देशात अत्यावश्यक औषधांची एक राष्ट्रीय यादी आहे. 2022 च्या यादीत 384 औषधं आहेत. यादीतल्या औषधाची जी ताकद आणि जो प्रकार (गोळी, इंजेक्शन, थेंब) लिहिलेला असतो, त्याला राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण, म्हणजे एनपीपीए, कमाल किंमत लावतं. हे 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे चालतं.

2013 च्या आधी हिशोब खर्चावर होता. कच्चा माल, गोळी बनवण्याचा खर्च, वेष्टन हे सगळं धरायचं आणि त्यावर जास्तीत जास्त 100 टक्के वाढ द्यायची. 2013 पासून खर्च बघणं बंद झालं. आता बाजारात ज्या ब्रँडचा वाटा 1 टक्का किंवा जास्त आहे, त्या सगळ्यांचा दुकानदाराला पडणारा भाव घेऊन साधी सरासरी काढतात आणि त्यावर दुकानदाराचे 16 टक्के घालतात. झाली कमाल किंमत.

समजा पाच ब्रँड आहेत, भाव 10, 12, 14, 30 आणि 34 रुपये. सरासरी 20, अधिक 16 टक्के, म्हणजे 23 रुपये 20 पैसे. ही गोळी बनवायला तीन रुपये लागतात की अठरा, हा प्रश्न या हिशोबात कुठेच विचारलेला नाही. तीन लागत असतील तर गिऱ्हाईक वीस रुपये जास्त देतं. आणि सगळे ब्रँड आधीपासून स्वस्त असतील, वर कच्चा माल महागला, तर बनवणाऱ्याला परवडत नाही. त्याला घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे दर 1 एप्रिलला वाढ मिळते. 2022 मध्ये ती 10.77 टक्के होती आणि 2024 मध्ये 0.00551 टक्के. दोन रुपयांच्या गोळीवर हे किती होतात ते बघा.

तुमच्या दोन्ही प्रश्नांचं मूळ मला तरी या एकाच सूत्रात दिसतं.

---

रानजाई

कृष्णाकाठ, तुमची पोस्ट वाचून काही सुचेना. माझी जाऊ याच आजाराने वर्षानुवर्षं त्रास काढतेय. घरातल्यांना काय सोसावं लागतं ते बाहेर कुणाला कळत नाही. लिहीत रहा.

---

औषधाचं दुकान, विटा

बावीस वर्षं दुकान चालवतोय. दुकानदाराच्या बाजूने सांगतो, खरं तेच सांगतो.

यादीतल्या औषधावर आम्हाला 16 टक्के, स्टॉकिस्टला (आम्हाला माल पुरवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याला) 8. यादीबाहेरच्या औषधावर आम्हाला 20 आणि स्टॉकिस्टला 10, ही बाजारातली रीत. आता वीस रुपयांच्या पट्टीवर 16 टक्के म्हणजे तीन रुपये. स्टॉकिस्टला दीड रुपया. त्या दीड रुपयासाठी तो सांगलीहून माल उचलून, खोक्यात ठेवून, मुदत सांभाळून माझ्यापर्यंत आणणार. त्याच खोक्यात तो आम्लपित्तावरची एक मिश्र कॅप्सूल आणतो. तिची पट्टी मला अठरा रुपयांना पडते आणि छापील किंमत एकशे चाळीस. नाव घेत नाही, अशा कंपन्या शेकड्याने आहेत. छापील किंमत इतकी कशी? कारण यादीबाहेरचं औषध बाजारात आणताना कंपनी हवी ती किंमत छापू शकते. त्यानंतर वर्षाला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही, एवढंच बंधन.

मी ती पट्टी ओळखीच्या गिऱ्हाइकाला पन्नासला देतो. बाहेरगावचा माणूस रात्री अकराला येतो, घाबरलेला असतो, त्याच्याकडून एकशे चाळीस घेणारे दुकानदार आहेत. कायद्याने ते चूक नाही. मला ते पटत नाही.

लिथियमबद्दल: ताई, तुमच्या भावासाठी मी दोन पट्ट्या कधीही बाजूला काढून ठेवीन. निरोप पाठवा.

---

हिशोबी

दादा, एक छोटी दुरुस्ती. त्या कॅप्सूलमधलं एखादं औषध यादीतलं असेल आणि कंपनी ते औषध आधीपासून बनवत असेल, तर नव्या मिश्रणासाठी तिला एनपीपीएकडून किरकोळ किंमत ठरवून घ्यावी लागते. त्यामुळे "हवी ती किंमत" सरसकट खरं नाही. पण यादीबाहेरच्या औषधांचं मिश्रण असेल तर तुम्ही म्हणता तसंच.

---

औषधाचं दुकान, विटा

बरोबर. आभारी आहे.

---

तालुक्याची डॉक्टर

मी विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात आहे. ऑक्टोबर 2024 च्या त्या यादीत लिथियमच्या शेजारी अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन होतं. त्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहिते.

कीटकनाशक पोटात गेलेला माणूस येतो तेव्हा त्याच्या तोंडाला फेस असतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात, छातीत पाणी खळखळत असतं. ऑर्गनोफॉस्फेटचं विष असेल तर त्याला अ‍ॅट्रोपिन द्यायचं, दर काही मिनिटांनी मात्रा दुप्पट करत, छाती कोरडी होईपर्यंत. एका अँप्युलमध्ये 0.6 मिलिग्रॅम असतं. एका माणसाला पहिल्या तासाभरात चाळीस-पन्नास अँप्युल सहज लागतात. एक सिस्टर फक्त अँप्युल फोडायला उभी असते. काचेने तिची बोटं कापतात, ती कापूस गुंडाळते आणि पुढची फोडते. हे मी दर फवारणीच्या हंगामात बघते. 2017 साली यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते सगळ्यांना आठवत असेल.

हे अँप्युल काही रुपयांचं आहे. ते कपाटात नसेल तर त्याच्या जागी दुसरं काहीही चालत नाही, आणि जिल्ह्याला पाठवलेला माणूस वाटेत जातो. मागच्या एका हंगामात आमच्याकडे साठा अठरावर आला होता. मी स्वतःच्या गाडीने शेजारच्या तालुक्यातून साठ आणली.

त्या यादीतली बाकीची औषधं पण बघा. थॅलेसीमियाच्या मुलांच्या अंगातलं जादा लोह काढणारं डेस्फेरिऑक्झामिन, क्षयाचं स्ट्रेप्टोमायसिन, काचबिंदूचे पायलोकार्पिनचे थेंब, दम्याचं साल्ब्युटामॉल, बेंझिल पेनिसिलिन, सेफाड्रॉक्सिल. सगळी जुनी. कुणाचंही पेटंट नाही, कंपनीचा कुणी एमआर (विक्री प्रतिनिधी) यांच्यासाठी आमच्या दारात येत नाही. सरकारने तेव्हा जे कारण दिलं ते असं: कच्चा माल महागला, उत्पादन खर्च वाढला, रुपया घसरला, आणि काही कंपन्यांनी परवडत नाही म्हणून औषध बंद करायला परवानगी मागितली. म्हणजे औषध बंद पडायच्या टोकाला आल्यावर किंमत वाढली.

---

पिंपरीकर

डॉक्टरबाई, तुमच्या यादीत पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही दोन नावं वाचून थांबलो.

माझे वडील हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते. कंपनीच्या एचए कॉलनीत वाढलो. 1954 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने सरकारने पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना उभा केला, तो देशातला सरकारी पेनिसिलिनचा पहिला. साठच्या दशकात तिथेच स्ट्रेप्टोमायसिन बनायला लागलं. वडिलांच्या कपड्यांना आंबवणीचा एक वास असायचा, दमट, ओल्या पिठासारखा. बुरशी मोठमोठ्या टाक्यांत वाढवायची, तापमान अर्ध्या अंशाने इकडेतिकडे झालं की अख्खी टाकी फुकट, असं ते सांगायचे.

पुढे चीनमधून पेनिसिलिन जी इतक्या कमी भावात येऊ लागलं की आपल्याकडच्या आंबवणीच्या टाक्या एकेक करून थंड पडल्या. पिंपरीच्या जमिनीची किंमत औषधापेक्षा मोठी झाली. 2016 च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने जमीन विकून देणी भागवायचं आणि कंपनीतला हिस्सा विकायचं ठरवलं. आता पेनिसिलिन जी देशात बनावं म्हणून 2020 पासून उत्पादनाशी जोडलेलं अनुदान द्यावं लागतंय, आणि आंध्रात काकीनाड्याजवळ एका खासगी कंपनीचा नवा कारखाना उभा राहिलाय. त्याचं मला वाईट वाटत नाही, बनू दे. पण जी विद्या आपल्या हातात सत्तर वर्षांपूर्वी आली होती ती आपण हातची घालवली, हे वडील शेवटपर्यंत बोलायचे.

म्हणून मला वाटतं, नुसत्या किमतीच्या आदेशाने हे सुटणार नाही. बनवणारा कारखानाच नसेल तर कमाल किंमत कशावर छापणार?

---

मुक्त_बाजार_पुणे

सगळ्यांचं वाचून एकच म्हणावंसं वाटतं. किंमत नियंत्रणच काढून टाका. कंपन्यांना परवडेल त्या भावात विकू द्या, स्पर्धा आपोआप भाव खाली आणेल. डॉक्टरांच्या अ‍ॅट्रोपिनचा प्रश्न नियंत्रणानेच तयार केलाय.

---

सोलापूरची लेक

मी तुमच्याशी सहमत नाही, आणि माझ्याकडे त्याला कारण आहे.

डिसेंबर 2016 मध्ये माझ्या वडिलांची अँजिओप्लास्टी झाली. एका औषधी स्टेंटचे (औषधाचा लेप असलेल्या) एक लाख तीस हजार लावले. माझी आई बाहेर बाकावर बसून दागिन्यांची पुरचुंडी सोडत होती. त्या दोन तासांत आम्ही कुठली स्पर्धा बघणार होतो? "हा घ्या, तो चांगला" म्हणाले, आम्ही मान हलवली. दोनच महिन्यांनी, 13 फेब्रुवारी 2017 ला, एनपीपीएने औषधी स्टेंटची किंमत 29,600 आणि साध्या स्टेंटची 7,260 वर बांधली. दिल्लीतल्या एका वकिलाने उच्च न्यायालयात याचिका लावून धरली होती, तिथून हे सुरू झालं. त्याच वेळी एनपीपीएने जाहीर केलं की स्टेंटच्या व्यापारात नफा 654 टक्क्यांपर्यंत जातो. ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्याची किंमतही बांधली.

एप्रिलमध्ये माझ्या काकांना स्टेंट बसला, त्याच शहरात. स्टेंट तीस हजारांना. पण एकूण बिल माझ्या वडिलांच्या बिलापेक्षा जेमतेम चाळीस हजारांनी कमी आलं. एक लाख वाचायला हवे होते, साठ हजार कुठे गेले? कॅथलॅबचे, बलूनचे, "विशेष निगराणी"चे आकडे फुगले होते. दोन्ही बिलं मी शेजारी ठेवून ओळीओळीने बघितली आहेत.

त्यामुळे नियंत्रण अपुरं आहे हे मला मान्य. ते नकोच, हे मान्य नाही. आजारी माणूस भाव करू शकत नाही. औषध तिसराच निवडतो, पैसे आपण देतो.

---

हिशोबी

सोलापूरची लेक यांनी नेमकं सांगितलं. ब्रँड डॉक्टर निवडतात म्हणून इथे बरेचदा महाग ब्रँडच जास्त खपतो, आणि सरासरी काढताना तोच भाव वर ओढतो. फेब्रुवारी 2018 मध्ये एनपीपीएने दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा औषधं आणि साहित्यावरचा नफा काही ठिकाणी 1,737 टक्के निघाला. सिरिंज, हातमोजे, सलाईनचा संच, असल्या गोष्टींवर. रुग्णालयातूनच औषध घ्यायची सक्ती होते, त्याबद्दलची याचिका मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या धोरणावर सोडली.

एक गोष्ट मात्र चालली, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये कर्करोगाच्या 42 औषधांवर, कंपनीच्या विक्रीभावापासून छापील किमतीपर्यंत, मधला एकूण नफा 30 टक्क्यांवर आणला. 526 ब्रँडच्या किमती उतरल्या, काहींच्या 90 टक्क्यांपर्यंत. यात बनवणाऱ्याला हात लावला नाही, मधली फुगवटी काढली. विट्याच्या दादांनी सांगितलेल्या अठराच्या पट्टीला हीच पद्धत लावली तर ती एकशे चाळीसला छापताच येणार नाही. आणि लिथियम, अ‍ॅट्रोपिनसारख्या औषधांचा खर्च तपासून दर दोन वर्षांनी भाव ठरवावा, टंचाई व्हायची वाट बघू नये. दोन रोगांना दोन औषधं लागतील. सरासरीची एकच मात्रा सगळ्यांना देत राहिलो म्हणून हे झालं.

---

मुक्त_बाजार_पुणे

बाकावरच्या दोन तासांचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. शस्त्रक्रियेत आणि तातडीत स्पर्धा चालत नाही हे मान्य करतो. रोजच्या गोळ्यांच्या बाबतीत माझं मत तेच आहे, पण 42 औषधांचं उदाहरण आधी नीट वाचून बघतो.

---

नागरकोविलहून

नोकरीमुळे तमिळनाडूत अकरा वर्षं आहे. इथे 1994 मध्ये राज्याने औषधखरेदीचं महामंडळ काढलं. जिल्ह्याजिल्ह्यात गोदाम, आणि प्रत्येक सरकारी दवाखान्याला बँकेसारखं पासबुक: किती रुपयांची औषधं उचलली, किती शिल्लक, सगळं त्यात. आईची रक्तदाबाची गोळी मी इथल्या सरकारी दवाखान्यातून फुकट आणतो. छापील किंमत काय हे मला खरंच माहीत नाही.

महाराष्ट्रात 2017 ला खरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे दिली, मग 2023 ला कायदा करून वेगळं प्राधिकरण. पुरवठादाराचे पैसे वेळेवर मिळाले तर तो कमी नफ्यातही माल देतो, हे मी इथे बघतोय. डॉक्टरबाईंच्या कपाटातली अठरा अँप्युल हा खरेदीचाही प्रश्न आहे.

---

तालुक्याची डॉक्टर

आहेच. आणि एक कामाची माहिती. यादीतलं औषध बनवणं बंद करायचं असेल तर कंपनीला किमान सहा महिने आधी जाहीर सूचना द्यावी लागते आणि सरकारला कळवावं लागतं. सरकार तिला आणखी वर्षभरापर्यंत बनवत राहायला सांगू शकतं. हे 2013 च्या आदेशातच आहे. औषध मिळत नाही अशी तक्रार कुणीही करू शकतं: एनपीपीएची "फार्मा जन समाधान" सेवा आहे, फोन 1800 111 255. नुसतं महाग दिलं म्हणून नाही, मिळत नाही म्हणूनही तक्रार घेतात. तक्रार करताना औषधाचं नाव, ताकद, गाव आणि किती दुकानं फिरलात ते लिहा. गावागावातून तक्रार गेली तर टंचाई कागदावर येते.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पोस्ट टाकताना मला फक्त कुणाला तरी सांगायचं होतं. इतकं शिकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

भाऊ बरा आहे. तेव्हा डिसेंबरात 300 ची गोळी परत मिळायला लागली, पातळी 0.7 वर आली. त्या रात्री उपटलेल्या रोपांपैकी कढीपत्ता आणि जास्वंद जगली, गुलाब सगळे गेले. पण या महिन्यात गावातला दुकानदार परत म्हणाला, "ताई, स्टॉकिस्टकडे चारच पट्ट्या होत्या." काल रात्री मी डॉक्टरबाईंनी सांगितलं तसं सगळं लिहून तक्रार केली. पाच दुकानांची नावं दिली. भावाला वाचून दाखवली तर म्हणाला, "माझंही नाव घाल. लपवायचं काय त्यात?" घातलं.

विट्याच्या दादा, तुम्हाला निरोप पाठवलाय. डब्यात सध्या 46 गोळ्या आहेत, पंधरा दिवस पुरतील. शनिवारी मी स्वतः येते.